पावलापुरता दिवा

लेखमाला : रोजचा विश्वास – लेखांक ६

रत्नागिरी तालुक्यातल्या पालीला मुंबई–गोवा महामार्गावर रस्ता फुटतो. एक वाट दक्षिणेला लांजा, राजापूरकडे जाते. दुसरी नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढते आणि कोल्हापूरला उतरते. ऐन पावसाळ्यात इथे गाड्या थांबवून चालक टपरीवाल्याला विचारतात, घाट चालू आहे का? दरड तर आली नाही ना? मिळणारे उत्तर त्या दिवसापुरते असते. उद्याची हमी टपरीवाला देत नाही, पण निघायला तेवढे पुरते.

देव मार्ग दाखवतो असे ख्रिस्ती माणूस म्हणतो, तेव्हा त्याला काय अभिप्रेत असते? आयुष्याचा सगळा नकाशा आधी हातात पडतो, असा अनेकांचा समज असतो. नकाशा दिसला नाही की त्यांना वाटते, आपलाच विश्वास कमी पडला. कितीतरी भली माणसे या अपराधी भावनेने आतून खचतात. बायबलमधल्या कथा मात्र वेगळेच सांगतात. अब्राहामाला घर सोडायला सांगितले गेले, तेव्हा पोहोचायचे कुठे हे सांगितलेले नव्हते. मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळाला तो रोजच्या रोज. ज्यांनी हव्यासाने तो दुसऱ्या दिवसासाठी साठवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागायची ती आजची. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात देवाच्या वचनाला दिव्याची उपमा दिली आहे, आणि तो दिवा पावलांसाठी आहे. हातातल्या दिव्याचा उजेड किती लांब पडतो, हे कोकणातल्या अंधाऱ्या पाणंदीतून चाललेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मागच्या लेखांकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ पाहिले. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या या जेझुइट धर्मगुरूने ख्रिस्तकथा मराठी ओवीत आणली आणि १६१६ मध्ये ती रायतूर येथे छापली गेली. या आठवड्यात तीन शतके पुढे यायचे आहे, आणि याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतल्या एका घराकडे वळायचे आहे.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगावचा. या किनाऱ्याला ख्रिस्ती प्रचारक तोवर नवे राहिले नव्हते. १८२३ मध्येच स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले होते आणि दक्षिण कोकणात त्यांनी शाळा चालवल्या होत्या. टिळकांचा ख्रिस्ताकडे झालेला प्रवास मात्र कोकणातल्या शाळेतून झाला नाही, तो आगगाडीच्या डब्यातून झाला. आई जानकीबाई त्यांच्या लहानपणीच गेली. वडील तापट होते. मुलगा घर सोडून नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला आणि पुढे गावोगाव हिंडत राहिला. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. कविता आणि देशप्रेम यांत बुडालेल्या या माणसाला जातिभेदाने पोखरलेला समाज पाहवत नव्हता. त्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म तो शोधत होता.

१८९३ मध्ये नोकरीसाठी राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी वचन दिले होते म्हणून पुस्तक वाचायला घेतले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते थांबले. शत्रूवर प्रेम करायला सांगणारा, रानफुलांना नेसवणारा आणि पाखरांना भरवणारा आकाशातील बाप दाखवणारा तो गुरू त्यांना सोडवेना. मन ओढ घेत होते, पण पुढे काय होईल ते दिसत होते : नोकरी जाणार, नातलग तुटणार, बायको दुरावणार. त्यांनी दोन वर्षे विचार केला, वाचले, पत्रे लिहिली, प्रार्थना केली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून.

इथे कथा संपवली तर ती अर्धीच राहील. देवाने टिळकांना वाट दाखवली असे मानले, तर त्याच वाटेने लक्ष्मीबाईंचे घर उद्ध्वस्त झाले, हेही मानावे लागते.

लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला गोखल्यांच्या घरी जन्मल्या. सोवळ्याओवळ्याने त्या घराचा श्वास कोंडला होता. अकराव्या वर्षी लग्न झाले. पोटच्या लहान मुलांच्या मृत्यूचे दुःखही त्यांनी सोसले. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी आली तेव्हा त्यांच्या दृष्टीने तो जिवंतपणीच नाहीसा झाला होता. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ पंढरपुरात काढला. नवरा पत्रे लिहीत होता, बोलावत होता. पण आपल्याबरोबर ख्रिस्ती होण्याची सक्ती त्याने केली नाही. सुमारे साडेचार वर्षांनी त्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्याच्याजवळ परतल्या. तेही आपला धर्म आणि आपले सोवळे बरोबर घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे.

नंतरचे वळण त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. राहुरीला असताना एक दिवस त्या विचार करीत बसल्या, की जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांच्या शरीरात फरक ठेवला असता. विचार टोकाला नेला आणि मन मोकळे झाले. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याची त्यांची तयारी झाली. कुणी उपदेश केला नव्हता, चमत्कार घडला नव्हता. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला, म्हणजे नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

देवाच्या मार्गदर्शनाविषयी या दोघांच्या चरित्रातून जे शिकायला मिळते, ते फार मोलाचे आहे. एकाच घरातल्या दोन माणसांना देव एकाच वेळी, एकाच रीतीने नेत नाही. टिळकांना पुस्तकाने गाठले, लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच एका प्रश्नाने. एकाची घाई दुसऱ्यावर लादली गेली असती तर विश्वास जन्मलाच नसता, भीती जन्मली असती. आज ज्या घरात नवरा प्रार्थना करतो आणि बायको करीत नाही, किंवा आईला मुलाच्या दुराव्याची काळजी जाळते, त्या घराने ही साडेचार वर्षे जरूर आठवावीत. वाट पाहणे हेही प्रीतीचेच काम आहे.

हा विश्वास रोज टिकतो कसा? मराठी ख्रिस्ती घरांनी त्याचे उत्तर फार पूर्वीच शोधले आहे : कौटुंबिक उपासना. संध्याकाळी दिवेलागणीला किंवा सकाळी कामाला लागण्यापूर्वी घरातली माणसे एकत्र बसतात. एक गीत होते, पेटी असली तर पेटीवर, नसली तर टाळ्यांवर. मग शास्त्रपाठ, वाचायला अक्षरओळख झालेल्या मुलालाही बसवतात. शेवटी आपल्या शब्दांत प्रार्थना. त्यात परीक्षेचा निकाल येतो, आजीचे गुडघे येतात, शेजारच्या घरातले भांडण येते. पंधरा-वीस मिनिटांचा हा नेम आहे. मन लागो न लागो, बसायचे. ज्या दिवशी देव दूर वाटतो त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आपल्याला धरून ठेवतो.

या बैठकीत जी गीते म्हटली जातात, त्यांत टिळकांची गीते फार आहेत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीता’त त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी मन भिजत नाही हे त्यांना कळले होते. त्यांनी अभंग, ओवी, भजन यांच्या घाटात ख्रिस्तभक्ती ओतली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. त्यांच्या गीतांत ख्रिस्त गुरू आहे, सखा आहे आणि आईही आहे. देवाच्या प्रीतीचा विश्वास पटायला तत्त्वज्ञानापेक्षा हे नाते लवकर उपयोगी पडते. आईने लेकराला धरले आहे हे ज्याला उमगले, त्याला पुढचे वळण दिसले नाही तरी चालवते.

पैशाच्या बाबतीत मात्र टिळकांच्या घरात दोन स्वभाव होते. टिळकांचा हात सढळ होता. आल्यागेल्याला घरात थारा होता. दुष्काळात पोरकी झालेली मुले घरात आली, बालकवी ठोंबरे यांच्यासारखा तरुण कवी त्यांच्याच घरी राहिला. हे सगळे चुलीवर निभवायचे कुणी? लक्ष्मीबाईंनी. पाखरे पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी त्यांना अन्न मिळते, या येशूच्या शिकवणीचा अर्थ हातपाय हलवू नयेत असा होत नाही. पाखरेही पहाटेपासून दाणे टिपत हिंडतात. टिळकांचे दान आणि लक्ष्मीबाईंची काटकसर या दोहोंनी मिळून ते घर चालले. काळजी देवावर टाकायची, हिशेब मात्र आपणच ठेवायचा.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जवळ करणारे हे कुटुंब त्यांना हवे होते. काम फुलण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले.

ज्याने वाट दाखवली त्यानेच अर्ध्यावर का थांबवले? हा प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, असे कुणी म्हणत असेल तर त्याने स्तोत्रसंहिता उघडावी. तिच्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे भरपूर आहेत. देवा, किती काळ? का विसरलास? असे उघड विचारणारी ती स्तोत्रे उपासनेच्या पुस्तकातच ठेवली गेली आहेत. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीची आर्त हाक दिली. रडत रडत देवाशीच बोलत राहणे हा विश्वासाचाच एक प्रकार आहे, आणि दुःखात असलेल्या माणसाला ही मोकळीक मिळाली पाहिजे.

लक्ष्मीबाईंनी अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लिहिले. लग्नाच्या वेळी धड लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने महाकाव्याचा फार मोठा भाग स्वतः रचून ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. त्यांच्या आठवणींत नवऱ्याचा तापटपणा आहे, स्वतःचा हट्ट आहे, उपासमार आहे, आणि ओळीओळीत हसू आहे. विश्वासाने माणूस गुळगुळीत होत नाही, हे त्या पुस्तकाने दाखवून दिले.

‘देवाने मला सांगितले’ हे वाक्य जपून वापरायला हवे. अशा वाक्याच्या आधारे लोकांची लग्ने ठरवली जातात, पैसे मागितले जातात, औषधेही बंद करायला लावली जातात. म्हणून मंडळ्यांमधले अनुभवी पाळक काही कसोट्या लावायला सांगतात. हा विचार शास्त्रवचनांशी जुळतो का? जाणत्या, निःस्वार्थी माणसांना तो पटतो का? थोडा काळ थांबूनही तो टिकतो का? आणि त्याने दुसऱ्यावरची प्रीती वाढते की नुसती आपली सोय होते? टिळकांची दोन वर्षे या चारही कसोट्यांतून गेली होती.

औषधांविषयी तर शंकाच नको. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले, वेंगुर्ल्यातही त्याच अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णालय चालवले. रुग्णासाठी प्रार्थना करणारे हे डॉक्टर शस्त्रक्रियाही तितक्याच निष्ठेने करीत. कोकणातला रुग्ण आंबा घाट चढून मिरज-कोल्हापूरला उपचाराला जातो, तेव्हा त्याच्या घरच्यांची प्रार्थना आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकाच पिशवीत असायला काहीच हरकत नाही.

या आठवड्यात वाचकांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय रोज थोडा थोडा वाचावा. वाचून झाल्यावर एका कागदावर फक्त आजची काळजी लिहावी आणि तिच्यापुढे आज करता येईल असे एक काम लिहावे. घरात कुणी बरोबर बसायला तयार असेल तर त्यालाही त्याची काळजी विचारावी.

पुढच्या लेखांकात पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलीबायकांना त्यांनी आश्रय दिला तेव्हा हाती काय होते, आणि त्याच स्त्रियांच्या हातांनी पुढे मराठी बायबल कसे छापले गेले, ते पाहू.