शिक्षक-प्रशिक्षणाचा खर्च मंडळांनी वाटून घेताना

उत्तर अमेरिकेतील शनिवार-रविवारच्या मराठी शाळांमध्ये शिकवणारे बहुतेक जण स्वयंसेवक पालक असतात. मराठी उत्तम येते, पण परक्या वातावरणात वाढलेल्या मुलांना ती शिकवायची कशी, हे वेगळेच शास्त्र. ऑनलाइन प्रशिक्षण त्यासाठी सोयीचे, मात्र एकेका शिक्षकाने शुल्क भरणे जड जाते.

येथे सामूहिक प्रायोजकत्व उपयोगी पडते. तज्ज्ञाचे मानधन बहुधा सत्रावर ठरते, डोक्यावर नाही. त्यामुळे अशा शाळा चालवणाऱ्या दोन-तीन मंडळांचे वीस शिक्षक एकत्र आले तर माणशी खर्च बराच उतरतो. (गट फार फुगवला तर प्रात्यक्षिके बारगळतात, आणि खरे शिकणे तिथेच होते.)

देणगीदारांपुढे ठेवायचा प्रस्ताव दोन पानांचा पुरे. त्यात शिक्षकांची संख्या, सत्रांचे विषय, एकूण खर्च आणि मंडळ स्वतः उचलणार तो वाटा स्पष्ट असावा. नुसते 'भाषासंवर्धनासाठी मदत' म्हटल्याने पाकीट उघडत नाही. अमेरिकेत मंडळ करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली नोंदलेले असल्यास देणगीदाराला करसवलत मिळू शकते. अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालतात, काही तर स्वयंसेवेच्या तासांवरही रक्कम देतात. हा मार्ग बऱ्याचदा दुर्लक्षित राहतो.

प्रशिक्षक पुण्या-मुंबईतला असेल तर घड्याळही पाहावे लागते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तिथली शनिवारची सकाळ म्हणजे भारतातली संध्याकाळ, आणि दोघांनाही तीच सोयीची.