अभिजात खुल्या मोटारीतील ध्वनिसंच

कापडी टप मागे दुमडता येणाऱ्या, म्हणजेच कन्व्हर्टिबल प्रकारच्या जुन्या मोटारीत रेडिओ, वर्धक आणि स्पीकर यांची मूळ रचनेत नसलेली व्यवस्था बसविणे, हा मोटार-जतनाच्या छंदातील एक नाजूक विषय आहे. बंद टपाच्या आधुनिक मोटारीत हे काम दोन तासांत उरकते. खुल्या जुन्या मोटारीत मात्र वीज मोजकी असते, आवाज अडवायला छत नसते आणि एकदा कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. त्यामुळे येथे ‘किती मोठा आवाज’ यापेक्षा ‘काय न कापता’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

कोल्हापुरात विजयादशमीला दसरा चौकातील सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची मेबॅक ही जर्मन बनावटीची जुनी मोटार येते. ती पाहायला गर्दी लोटते, ती तिच्या मूळ रूपामुळे. सर्वसामान्य छांदिष्टाच्या वाट्याला अर्थातच जुनी विलीज किंवा महिंद्रा जीप, एखादी मॉरिस मायनर किंवा हेरल्ड येते. त्यांची दुरुस्ती करणारे टर्नर, वायरमन व कुशनवाले शिवाजी उद्यमनगरात आजही भेटतात.

== पूर्वपीठिका ==

मोटारीसाठीचा रेडिओ बाजारात स्थिरावला तो १९३०च्या सुमारास. अमेरिकेतील गॅल्विन कंपनीने त्या वर्षी ‘मोटोरोला’ हा रेडिओ आणला. युरोपात १९३२ मध्ये ब्लाऊपुंक्ट नाममुद्रेचा संच निघाला. हे संच निर्वात नलिकांवर चालत. नलिकांना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागे आणि तो सहा व्होल्टच्या बॅटरीतून मिळविण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ नावाचा गुणगुणणारा भाग व रोहित्र वापरावे लागे. क्रायस्लर व फिल्को यांनी १९५५ मध्ये केवळ ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ आणला आणि ही अवजड यंत्रणा मागे पडू लागली.

येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. एफएमवरील स्टिरिओ प्रक्षेपण अमेरिकेत १९६१ मध्ये सुरू झाले. फिलिप्सची कॅसेट १९६३ची. म्हणजे १९५०च्या मोटारीत ‘मूळचा स्टिरिओ’ असूच शकत नाही. तो बसवला की तो नंतरचाच, आणि तसे स्पष्ट सांगण्यात कमीपणा नाही.

== वीजपुरवठा ==

अपयशाचे मूळ बहुधा येथे असते. जुन्या मोटारीत अल्टरनेटर नसून डायनामो असतो. ल्युकस कंपनीच्या सी-४० या परिचित डायनामोची कमाल क्षमता २२ अँपिअर आहे, आणि तीही इंजिन वेगात असताना. चौकात गाडी मंद गतीवर उभी असताना त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. सारा भार बॅटरीवर पडतो. रात्रीच्या प्रवासाचा हिशेब मांडून पाहावा. ४५ वॅटचे दोन पुढचे दिवे साडेसात अँपिअर घेतात. मागचे व डॅशबोर्डचे दिवे, इग्निशन कॉइल आणि पावसात वायपर मिळून आणखी आठ-नऊ अँपिअर जातात. उरतात पाच-सहा. चार लहान स्पीकरांचा साधा संच मध्यम आवाजात एवढ्यात भागतो. चारशे वॅटचा वर्धक मात्र पूर्ण क्षमतेने चालविल्यास एकटाच तीस अँपिअरहून अधिक मागतो. असा वर्धक बसविणाऱ्याची गाडी सकाळी ढकलत सुरू करावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण ध्रुवांची. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या संचाचे धातूचे कवच ऋण टोकाशी जोडलेले असते. असा संच धन-अर्थिंगच्या गाडीत सरळ बसवला तर कवच पत्र्याला टेकताच शॉर्टसर्किट होते. यावर दोन मार्ग आहेत. एक, संपूर्ण गाडी ऋण-अर्थिंगची करणे: बॅटरीची टोके बदलायची, इग्निशन कॉइलच्या व अँपिअरमापीच्या तारा उलटवायच्या आणि डायनामोच्या ‘एफ’ टोकाला बॅटरीची तार क्षणभर स्पर्श करून त्याचे चुंबकत्व नव्या दिशेला वळवायचे. स्टार्टर आणि दिव्यांना या बदलाने फरक पडत नाही. दुसरा मार्ग म्हणजे विलग परिवर्तक वापरून संच सांगाड्यापासून पूर्ण अलिप्त ठेवणे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपसारख्या सहा व्होल्टच्या गाडीत दाब वाढविणारा परिवर्तक लागतोच. तेथे संचाला तीन अँपिअर हवे असतील, तर बॅटरीतून सहाहून अधिक खेचले जातात.

अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत साऱ्या मिळून दोनच फ्यूज असतात आणि कापड-रबराचे वेष्टन हात लावताच भुगा होऊन गळते. म्हणून संचाची तार जुन्या जोडणीतून कधीही घेऊ नये. बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणावी, बॅटरीच्या अगदी जवळच फ्यूज घालावा आणि ती पेट्रोलच्या नळीपासून लांबून न्यावी. गाडीला आग लागण्यास एक उघडी तार पुरेशी असते.

== खरखर ==

आकाशवाणीच्या सांगली केंद्राचे मध्यम लहरींवरील, १२५१ किलोहर्ट्झचे प्रक्षेपण जुन्या जीपमध्ये ऐकताना इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी करकर ज्यांनी ऐकली असेल, त्यांना ही समस्या समजावून सांगावी लागणार नाही. प्लगची ठिणगी आणि डायनामोच्या ब्रशांवरील ठिणग्या हे तिचे उगम. रोधयुक्त प्लग-तारा व डायनामोच्या ‘डी’ टोकावर एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांनी ती बरीच घटते. हा कंडेन्सर ‘एफ’ टोकाला चुकूनही जोडू नये. त्याने व्होल्टता-नियंत्रकाचे संपर्क खराब होतात. रेडिओ आणि वर्धक यांचे अर्थिंग एकाच बिंदूवर घेतल्यास उरलेली गुणगुणही बहुधा जाते.

== उघड्या टपाखालचा आवाज ==

टप दुमडलेला असताना आवाज परतविणारा पृष्ठभाग उरत नाही. वाऱ्याची घरघर प्रामुख्याने खालच्या पट्टीची असल्यामुळे तबल्याचा बायां आधी बुडतो, गायकाचे शब्द मात्र तग धरतात. यावर उपाय म्हणून वॅट वाढविले जातात. परंतु शक्ती दुप्पट केल्याने पातळी फक्त तीन डेसिबलने वाढते. त्याउलट ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९२चा निवडल्यास तोच आवाज एक चतुर्थांश शक्तीत मिळतो. डायनामोवर दया करण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय.

स्पीकर कानाजवळ व प्रवाशाकडे रोखलेले असावेत. दारांचा पत्रा न कापता पायाशेजारच्या बाजूच्या फळ्यांत किंवा आसनाखालच्या बंद पेटीत ते बसविता येतात. मागील आसनामागची पोकळी मोहक वाटते, पण दुमडलेला टप तेथेच येऊन बसतो. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात कागदी शंकूचे स्पीकर टिकत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनचा शंकू व रबरी कडा घ्यावी.

कोल्हापुरात ‘डॉल्बी’ हा शब्द मिरवणुकीतील स्पीकरांच्या भिंतीसाठी रूढ झाला आहे. खुल्या मोटारीत तो आदर्श ठेवू नये, कारण तिचा आवाज चालकाइतकाच रस्त्यालाही ऐकू जातो. ध्वनिप्रदूषणविषयक २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५ आहे.

== मूळ रूप आणि नोंदणी ==

आजच्या संचाला १८० × ५० मिलिमीटरची खाच लागते. जुन्या डॅशबोर्डवर ती नसते. तेथे दोन बटणांच्या रेडिओची छिद्रे असतात किंवा काहीच नसते. डॅशबोर्ड कापणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय आहे. जुन्या रेडिओचा दर्शनी भाग जागेवर ठेवून ब्लूटूथवर चालणारा छोटा वर्धक हातपेटीत दडविणे अधिक शहाणपणाचे. खुल्या गाडीत चोरीचीही धास्ती कमी राहते. धारक पट्ट्या असलेल्याच छिद्रांच्या मापाने टर्नरकडून करून घ्याव्यात.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीस पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांकमालिका मिळते. सुटा काढता येणारा रेडिओ हा बाह्यांगातील मोठा फेरबदल ठरू नये. स्पीकरसाठी कापलेल्या दाराबद्दल तसे निःशंकपणे म्हणता येत नाही. काढलेले मूळ भाग कापडात गुंडाळून गाडीसोबत जपावेत आणि नव्या तारांचा आराखडा, फ्यूजच्या क्षमतेसह, कागदावर काढून हातपेटीत ठेवावा. पुढचा मालक किंवा पुढचा वायरमन गाडी उघडेल तेव्हा त्याच्या हाती दुसरे काही नसते.