‘एनबीए खेळला का?’ परदेशात गेलेल्या बास्केटबॉलपटूंना आपण एकाच प्रश्नावर का मोजतो?

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत हॉस्टेलच्या मेसमध्ये चहा-पोहे येईपर्यंत अमेरिकेतल्या एनबीएचे बरेचसे सामने संपलेले असतात. तिकडची रात्र म्हणजे इकडची पहाट. त्यामुळे पहिल्या लेक्चरच्या आधी मोबाइलवर स्कोअर बघायचा आणि संध्याकाळी कोर्टवर त्यावर वाद घालायचा, हा बास्केटबॉल आवडणाऱ्या मुलांचा ठरलेला क्रम.

इंजिनीअरिंग कॉलेज, मेडिकल कॉलेज आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांमुळे विष्णुपुरीची ओळख आज गोदावरीवरच्या धरणाइतकीच विद्यार्थ्यांची वस्ती म्हणूनही आहे. अशा वस्तीत करी, योकिच, लेब्रॉन ही नावं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. पण परदेशात व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेल्या भारतीयांचा विषय निघाला, की गप्पा सहसा सतनाम सिंगवर येऊन थांबतात. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पण तो एनबीए खेळला का?’ उत्तर ‘नाही’ असं आलं, की विषय संपतो.

खरं तर विषय तिथे सुरू व्हायला हवा. मधल्या पायऱ्यांवर खेळलेले खेळाडू मायदेशी दिसतच नाहीत, असं का होतं? समजून घेऊया.

परदेशात खेळलेले भारतीय कोण?

सतनाम सिंग भमरा हे सर्वांत गाजलेलं नाव. पंजाबच्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा, 7 फूट 2 इंच उंचीचा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीत घडला आणि 2010 मध्ये, वयाच्या 14व्या वर्षी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. जून 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला एनबीए ड्राफ्टमध्ये 52व्या क्रमांकावर निवडलं. असा मान मिळालेला तो पहिला भारतीय नागरिक.

पण तो एकटा नाही. अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग जपानच्या क्लबकडून खेळले. पुढे अमज्योत अमेरिकेच्या जी-लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लू संघात गेला, तर अमृतपालला 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जने करारबद्ध केलं. प्रिन्सपाल सिंग जी-लीग इग्नाइटमध्ये होता. 2021 मध्ये समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या संघातही तो होता.

या सगळ्यांच्या आधी केरळची गीतू ॲना जोस 2006 मध्येच ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड हॉक्सकडून खेळली. 2011 मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. भारतीय बास्केटबॉलमधली ही मोठी गोष्ट. तरीही सतनामच्या तुलनेत गीतूचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

ड्राफ्टमध्ये निवड म्हणजे नोकरी पक्की का?

नाही. आणि गैरसमजाचं मूळ इथेच आहे.

एनबीएमध्ये 30 संघ आहेत आणि प्रत्येकाकडे नियमित कराराचे साधारण 15 खेळाडू. म्हणजे साऱ्या जगातून जेमतेम 450 जागा. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंसाठी ठरावीक पगाराची आणि हमीच्या कराराची चौकट असते. दुसऱ्या फेरीत निवड झाली, तर त्या खेळाडूवर संघाचा हक्क राहतो, पण संघाने करार केलाच पाहिजे असं बंधन नसतं. 52वा क्रमांक दुसऱ्या फेरीतला.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं, तर कॅम्पस इंटरव्ह्यूच्या शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं, पण ऑफर लेटर अजून हातात नाही, अशी ही अवस्था. सतनाम डॅलसशी जोडलेल्या टेक्सास लीजेंड्स या विकास संघाकडून खेळला. एनबीएचा एकही नियमित सामना त्याला मिळाला नाही.

पगारातलं अंतरही मोठं आहे. 2018-19 च्या हंगामात जी-लीगचा ठरावीक पगार 35 हजार डॉलर होता. त्याच हंगामात एनबीएतल्या नवख्या खेळाडूचा किमान पगार सुमारे 8 लाख 38 हजार डॉलर. म्हणजे जवळपास 24 पट. ‘अमेरिकेत खेळतो’ म्हटल्यावर गावाकडे जो आकडा डोळ्यांसमोर येतो, तो वरच्या पायरीचा असतो. खेळाडू मात्र खालच्या पायरीवर रोज जागा राखण्यासाठी झगडत असतो.

मायदेशी त्याचं चित्र कसं बदलत गेलं?

2015 मध्ये सतनाम देशाचा हिरो होता. शेतकऱ्याचा मुलगा, छोटं गाव, एनबीए अशी बातमीला हवी ती प्रत्येक गोष्ट त्याच्या कहाणीत होती. पुढच्याच वर्षी त्याच्यावर माहितीपटही आला. मग एनबीएचा करार होत नाही हे दिसू लागलं, तशा बातम्या आटल्या. तो पुन्हा ठळक बातमीत आला, तो उत्तेजक चाचणीमुळे. डिसेंबर 2020 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. त्यानंतर अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरल्यावर तो परत चर्चेत आला.

या तीन बातम्यांच्या मधली वर्षं मात्र रिकामीच राहिली. कोवळ्या वयात भाषा येत नसलेल्या देशात राहणं, इंग्रजी शिकत शाळा करणं, राखीव बाकावर बसून सराव चालू ठेवणं, कॅनडाच्या लीगमध्ये जाऊन पुन्हा सुरुवात करणं. व्यावसायिक खेळाडूचं बहुतेक आयुष्य असंच असतं. पण ‘पहिला भारतीय’ हा मथळा एकदा देऊन झाला, की या रोजच्या कामाला मथळा मिळत नाही.

नांदेडशी याचा काय संबंध?

सचखंड गुरुद्वारामुळे नांदेडला देशभरातून, विशेषतः पंजाबमधून भाविक येतात. सचखंड एक्स्प्रेस नांदेडहून थेट अमृतसरला जाते. इथल्या शीख कुटुंबांच्या पिढ्या मराठी बोलत मोठ्या झाल्या आहेत. पगडी हा या शहरात रोजच्या पाहण्यातला पेहराव आहे. म्हणून 2014 मधला एक प्रसंग नांदेडकरांना जास्त जवळून समजेल.

त्या वर्षी जुलैमध्ये चीनमधल्या वुहानला फिबा आशिया चषक स्पर्धा होती. तिथे अमृतपाल आणि अमज्योत यांना मैदानात उतरण्यापूर्वी पगडी काढायला सांगण्यात आलं. इतर खेळाडूंना इजा होऊ शकेल अशी डोक्यावरची वस्तू चालणार नाही, हा तेव्हाचा नियम. दोघे पगडीशिवाय खेळले. भारतात यावर मोठा संताप उसळला आणि तो रास्तही होता. फिबाने पुढे हा नियम बदलला. मे 2017 मध्ये बदलाला मंजुरी मिळाली आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून ठरावीक अटींवर डोक्यावरच्या पेहरावाला परवानगी मिळाली. हिजाब घालणाऱ्या खेळाडूंचा मार्गही त्यामुळे मोकळा झाला.

पण त्याच वुहानच्या स्पर्धेत भारताने यजमान चीनला 65-58 असं हरवलं होतं. वरिष्ठ पुरुष गटात भारताने चीनवर मिळवलेला तो पहिलाच विजय. पगडीची बातमी घरोघरी पोहोचली, विजयाची मात्र फार पुढे गेली नाही. अपमान झाला तेव्हा देश खेळाडूंच्या मागे उभा राहिला, हे चांगलंच झालं. मात्र खेळ बघायला तेवढे लोक नव्हते.

‘आपला’ कोण, हे कशावर ठरतं?

एप्रिल 2015 मध्ये सिम भुल्लर एनबीएच्या सामन्यात उतरला, तेव्हा ‘भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू’ म्हणून इकडेही आनंद झाला. सिम कॅनडाचा, जन्म टोरंटोचा. तो ज्या सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळला, त्या संघाचे मालक विवेक रणदिवे मात्र मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर 2019 मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. एनबीए संघांचे भारतातले ते पहिले सामने.

म्हणजे एनबीएच्या कोर्टवर पाय ठेवला, तर कॅनडाचा नागरिकही ‘आपला’ होतो. आणि भारताची जर्सी घालून खेळणारी आपल्याच राज्यातली खेळाडू अनोळखी राहते. 2017 मध्ये बेंगळुरूत भारतीय महिला संघाने कझाकस्तानला 75-73 असं हरवून आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचं विजेतेपद मिळवलं. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली. विष्णुपुरीच्या कोर्टवर खेळणाऱ्या मुलीला करीइतकंच शिरीनचंही नाव माहीत असायला हवं होतं.

इतर देशांत वेगळं असतं का?

पूर्णपणे नाही. ग्रीसचा यानिस आंतेतोकुम्पो अथेन्समध्ये जन्मला, पण आई-वडील नायजेरियातून आलेले असल्याने त्याला नागरिकत्व मिळालं ते 2013 मध्ये, एनबीए ड्राफ्टच्या काही आठवडे आधी. तेव्हा तिथल्या एका अतिउजव्या पक्षाच्या नेत्याने त्याला जाहीरपणे हिणवलं होतं. 2021 मध्ये तो एनबीए विजेता झाला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ग्रीसचा ध्वज हाती घेतला. घरच्यांची नजर यशाप्रमाणे बदलते, हे तिकडेही खरं आहे.

फरक आहे तो खालच्या पायऱ्यांचा. ग्रीस, सर्बिया, स्पेनमध्ये देशाची स्वतःची जुनी लीग आहे. तिथला प्रेक्षक दर आठवड्याला सामने बघतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये टिकून राहणं किती अवघड आहे हे त्याला कळतं. भारतात 2015 मध्ये यूबीए ही लीग सुरू झाली. त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघ होते. ती 2017 नंतर बंद पडली. अलीकडे आयएनबीएल सुरू झाली, पण बघायची सवय लागायला सलग वर्षं लागतात. मोजपट्टीच नसेल, तर माणूस फक्त सर्वांत वरची खूण बघतो. ती खूण म्हणजे एनबीए.

कबड्डीने दाखवलेला आरसा

हे समजून घ्यायला मराठी प्रेक्षकाला लांब जायची गरज नाही. इराणचा फझल अत्राचली यू मुंबाचा कर्णधार होता, नंतर पुणेरी पलटणचा. त्याचाच देशबंधू मोहम्मदरेझा शादलू याला 2023 च्या लिलावात पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतलं आणि त्या हंगामात पलटणने विजेतेपद पटकावलं. या दोघांना पकडी करताना नांदेडच्या घराघरांत टीव्हीवर बघितलं गेलं. परदेशी व्यावसायिक खेळाडू म्हणजे काय, हे आपल्याला कबड्डीमुळे नीट माहीत आहे. फक्त तिथे ‘परदेश’ आपण आहोत.

आणि त्या परदेशाचा फायदा इराणला झाला का? 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अत्राचलीच्या इराणने उपांत्य फेरीत भारतालाच हरवलं आणि पुढे सुवर्ण जिंकलं. बाहेर चांगल्या लीगमध्ये खेळलेला खेळाडू घरी परततो, तेव्हा रिकाम्या हाताने येत नाही.

मग इथल्या मुलांसाठी प्रश्न काय आहे?

घरातला खरा प्रश्न एनबीएचा नसतोच. तो असतो, ‘खेळून नोकरी लागेल का?’ हा प्रश्न चुकीचा नाही. भारतीय बास्केटबॉल बरीच वर्षं नोकरीवरच उभा आहे. गीतू दक्षिण रेल्वेत होती. ऑस्ट्रेलियाच्या ॲडलेड 36अर्सने 2017 मध्ये ज्याच्याशी करार केला, तो विशेष भृगुवंशी ओएनजीसीचा. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाचा दबदबा आहे, तो याच व्यवस्थेमुळे.

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. नांदेडचा शालेय संघ जिल्ह्यातून लातूर विभागात आणि तिथून राज्यात जातो. कॉलेजचा खेळाडू विद्यापीठ संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत जातो. प्रत्येक पायरीवर प्रमाणपत्र जपून ठेवायचं, कारण पुढे त्याची पडताळणी होते. या व्यवस्थेत मान्यताप्राप्त स्पर्धेतला सहभाग आणि पदक मोजलं जातं. जपानच्या क्लबशी केलेला करार किंवा जी-लीगमधला एक हंगाम हे असं प्रमाणपत्र नव्हे. अर्जात त्यासाठी रकानाच नाही.

म्हणून परदेशात गेलेल्या खेळाडूकडे बघण्याच्या आपल्याकडे दोनच तऱ्हा उरतात. एनबीए गाठली तर देशाचा अभिमान, नाहीतर ‘एवढ्या लांब जाऊन काय मिळवलं?’ मधल्या जागेत उभ्या असलेल्या खेळाडूला दोन्हीकडून उत्तर नाही. आणि पहिली व्यावसायिक पिढी तर नेमकी याच मधल्या जागेत घडते.

यावर उपाय म्हणून उद्याच लीग उभी राहणार नाही. पण प्रश्न बदलता येतो. ‘एनबीए खेळला का?’ याऐवजी ‘कुठल्या लीगमध्ये, किती हंगाम, कुठल्या जागेवर खेळला?’ असं विचारता येतं. विष्णुपुरीच्या कोर्टवर करीच्या तीन गुणांच्या फटक्यावर वाद घालणाऱ्या मुलांना या प्रश्नाची उत्तरं नक्की समजतील. पहाटेचा स्कोअर बघण्यासाठी मोबाइल हातात असतोच. त्यावर कधी गीतूचं नावही शोधता येईल.