ब्रह्मदेश आणि गॅबन : लाकडी पापुद्र्याचा व्यापार

प्लायवुडच्या फळीचा जो दर्शनी भाग आपणांस दिसतो, तो बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा लाकडाचा पापुद्रा असतो. व्यापारात त्याला व्हेनियर म्हणतात. भिजवून मऊ केलेला ओंडका लेथवर फिरत असता त्याला लांब पाते लावले, की गुंडाळलेली चटई उलगडावी तसा हा पापुद्रा सलग निघत जातो. एक घनमीटर लाकूड ०.३ मिलिमीटर जाडीने सोलले आणि त्यातले काहीच वाया गेले नाही असे धरले, तर सुमारे ३,३०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण एकराहून अधिक जमीन झाकली जाईल! मग हे सोलण्याचे काम जंगलाच्या देशात व्हावे की गिऱ्हाइकाच्या? मजुरी, यंत्रे, नफा सारेच त्याबरोबर जात असल्याने हा प्रश्न साधा नाही.

ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, दीर्घकाळ ओंडकेच विकीत आला. तेथील सागाच्या व्यापारासाठी १८६३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा' कंपनी स्थापन झाली. तिच्याशी झालेला सागाचा तंटा १८८५ च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. पुढे राज्य बदलले, व्यापार सरकारी झाला, तरी जहाजांवर ओंडकेच चढत राहिले. भारतातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ईशान्येकडील तोडीवर कडक निर्बंध आले, अनेक गिरण्या बंद पडल्या, आणि तांबूस गर्जन लाकडासाठी भारताची भिस्त ब्रह्मदेशावर अधिकच वाढली. कांडला बंदरात ते उतरे. सोलण्याचे काम भारतात होई.

गॅबनची कथा वेगळी. विषुववृत्तावरील या देशाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग अरण्याने व्यापलेला. ओकूमे हे तेथील हलके, फिकट गुलाबी, सोलण्यास अत्यंत सोयीचे लाकूड. खनिज तेलापूर्वी तेच देशाचे मुख्य धन होते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्ट-जेंटील येथे प्लायवुडचा मोठा कारखाना उभा राहिला खरा, परंतु बराचसा ओकूमे ओंडक्यांच्या रूपानेच बाहेर जाई.

२०१० मध्ये गॅबनने ओंडक्यांची निर्यात बंद केली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून. कायदा जवळपास एकच, फळ मात्र भिन्न. गॅबनने लिब्रव्हिलजवळ नकोक येथे औद्योगिक क्षेत्र आखले. भारतीय उद्योजकांनीही तेथे लेथ आणि पापुद्रे वाळविण्याची यंत्रे बसविली. (ओला पापुद्रा जहाजात बुरसतो, म्हणून वाळवणी जागेवरच हवी, आणि तिला वीज हवी.) गॅबन आफ्रिकेतील व्हेनियरचा एक प्रमुख निर्यातदार झाला. म्यानमारमध्येही भारतीय व्यापाऱ्यांनी यांगूनच्या परिसरात कारखाने काढले. पण अरण्यच विरळ झालेले होते. उत्तरेच्या सीमेवरून चोरटी वाहतूक चालूच होती, आणि २०१६ मध्ये सरकारला वर्षभर तोडच थांबवावी लागली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका व युरोपीय संघाने निर्बंध घातले. अरण्य उरले असताना केलेली बंदी आणि ते ओसरल्यावर केलेली बंदी, यांतले अंतर येथे स्पष्ट दिसते.

यमुनानगरकडील कारखान्यांत फळीचा गाभा शेतातल्या पॉपलर व निलगिरीचा असतो. वरचा पापुद्रा पूर्वी बहुधा गर्जनाचा असे. आता ओकूमेचाही असतो. गिऱ्हाइकाच्या नजरेला तांबडी फळीच रुचत असल्याने काही कारखानदार फिकट ओकूमेला रंग चढवितात.