दरड आपल्या वाटेवरची

आजचा विषय दरडींचा. मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, आपल्या आण्याच्या पठारावर पाऊसच कुठं पडतो? दरडीचं आपल्याला काय?" प्रश्न रास्त आहे. आपली चिंता टँकरची. पण आपल्या दारावरून जाणारा नगर-कल्याण रस्ताच पुढे माळशेज घाट उतरतो. श्रावणात आपण भीमाशंकरला जातो, पोरं नाणेघाटात आणि हरिश्चंद्रगडावर जातात. आपल्याच तालुक्याचा पश्चिम भाग धो-धो पावसाचा आहे. ज्यांना पाऊस अनोळखी, त्यांनाच तिथला डोंगर कळत नाही.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४ची सकाळ. एसटीचा चालक नेहमीसारखा गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नाही, नुसता चिखल! १५१ माणसं गेली. उतार यंत्रांनी सपाट केले म्हणून हे घडलं, असं काहींनी म्हटलं. काहींनी अतिपावसाला दोष दिला. मला वाटतं, दुखावलेल्या उतारावर पाऊस पडला की दोन्ही एकत्र येतात.

हे कसं होतं ते घरी करून बघा. पाटावर मातीचा थर द्या, पाट तिरका करा आणि वरून थोडं थोडं पाणी शिंपडा. बराच वेळ काही होत नाही. मग अख्खा थर एकदम सुटतो. आपल्या सह्याद्रीत खाली काळा कातळ आणि वर माती-मुरूम. पाणी मुरत कातळापर्यंत जातं, तिथं अडतं, वरची माती जड होते आणि तिची खालची पकड सुटते. म्हणून पाऊस थांबला की धोका टळला असं समजू नका. आत साचलेलं पाणी तसंच असतं.

हिमालयात बर्फाचंही असंच. खाली साखरेसारखा भुसभुशीत बर्फ, त्यावर ताज्या बर्फाचा जाड थर, आणि उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा. माणसाच्या वजनानंसुद्धा तो थर सुटतो. हिमस्खलनात जे मरतात, त्यातल्या बहुतेक वेळी थर त्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सोडवलेला असतो. यात्रेला गेलात आणि तिथला वाटाड्या "आज नको" म्हणाला, तर पैसे भरलेत म्हणून हट्ट धरू नका.

आता आपल्या डोंगराचं. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, कोरड्या जागी नवा पाझर फुटणं, जमिनीला भेग पडणं, दाराची चौकट अडकणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठंतरी तो अडला आहे, हे सगळ्यात वाईट. पाणी भरायला, जनावरं सोडायला बायकाच आधी तिथं असतात, त्यामुळे हे आधी त्यांनाच दिसतं. "काही नाही गं, पावसाळा आहे" असं कोणी म्हणालं तरी सरपंचांना कळवा, आणि दिवसाउजेडी माणसं हलवा. खालापूरच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ला दरड आली ती रात्री, माणसं झोपेत असताना.

प्रवासाचं थोडक्यात. हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर घाट टाळा. धबधब्याखाली, कापलेल्या कड्याखाली गाडी थांबवून फोटो काढायचा नाही. भजी घाट संपल्यावरही मिळतात. वरून गडगडाट ऐकू आला तर उताराच्या दिशेनं खाली पळू नका, आडवं पळा, दरडीच्या वाटेतून बाजूला. आणि ११२ हा नंबर फोनमध्ये आज रात्रीच साठवा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आहे. फोन हाताळता येत नाही अशी सासू घरात असेल, तर तिला मोठ्या आकड्यांत लिहून भिंतीला चिकटवून द्या.