बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे
(लेखमाला : नवा जन्म – भाग ४)

पिंपळे सौदागरमधल्या बऱ्याच मराठी ख्रिस्ती घरांची मुळे अहिल्यानगर, जालना या भागांतल्या खेड्यांत आहेत. आजोबा किंवा वडील पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला आले, पुढची पिढी हिंजवडीच्या कंपन्यांत लागली आणि पवनेकाठच्या सोसायट्यांत घरे झाली. या घरांतल्या अनेक तरुणांचा बाप्तिस्मा ते तान्हे असतानाच झालेला असतो. मंडळीच्या नोंदवहीत नाव आहे, रविवारची उपासना चुकत नाही, प्रभुभोजनही घेतले जाते. तरी कधीतरी एखादा मुलगा किंवा मुलगी पाळकांना गाठून विचारते : माझा बाप्तिस्मा झालाय, मग मन इतके कोरडे का?

मागच्या भागात बाप्तिस्म्यामागची पौलाची शिकवण आपण पाहिली. पाण्यात जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर जुन्या माणसाला पुरणे आणि वर येणे म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे. मग एवढे मोठे घडूनही ते जाणवत का नाही? हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो विचारणाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगून गप्प बसवणे हा अन्याय आहे. कारण हाच प्रश्न पंडिता रमाबाईंनाही पडला होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. त्यांची लहानगी मुलगी मनोरमाही त्यांच्याबरोबर होती. वाट सोपी नव्हती. आईवडील दुष्काळात गेले, पतीला जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या युक्तिवादाने त्यांच्या बुद्धीला ख्रिस्ती तत्त्वे पटली होती. मन हलवले ते मात्र दुसऱ्याच गोष्टीने. लंडनजवळ फुलहम येथे वाँटेजच्या मठातल्या भगिनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. अशा स्त्रियांना शिक्षा सोडून दया मिळू शकते, हे रमाबाईंना नवे होते. यामागचे कारण विचारल्यावर एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

पण रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याविषयी, येशूच्या देवत्वाविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी त्या वाँटेजच्या भगिनींशी वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घालत राहिल्या. हिंदुस्थानातल्या भगिनींच्या गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. त्या पत्रांत मला बंडखोरी दिसत नाही, प्रामाणिकपणा दिसतो. न पटलेले पटले म्हणणे त्यांना जमत नव्हते.

पुढे १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. काम वाढले, नाव झाले, टीकाही झाली. आणि या सगळ्या धावपळीत रमाबाईंना आतली पोकळी जाणवत होती. बाप्तिस्म्याला सुमारे आठ वर्षे झाल्यावर विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. हा माणूस धर्मोपदेशक झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी, स्वतःच प्रवचन देत असताना पालटला होता. ते वाचताना रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले आणि त्यांच्या लक्षात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून भेटलेला नाही. आपल्या आयुष्याची साक्ष लिहिताना त्यांनी हे मोकळेपणाने नोंदवले. जगभर ख्रिस्ती म्हणून मिरवली गेलेली विदुषी हे छापून सांगते, याचे धैर्य केवढे!

म्हणजे १८८३ चा बाप्तिस्मा वाया गेला का? मला तसे वाटत नाही. रमाबाईंनी ‘मी अपात्र आहे’ असे म्हणून तो पुसला नाही. आधी दिलेल्या वचनाचा अर्थ नंतर उमगला, एवढेच. आपल्या मंडळ्यांत तान्ह्यांचा बाप्तिस्मा करून मोठेपणी दृढीकरण देण्याची रीत आहे, तिच्यामागे हीच समजूत आहे. पेंटेकॉस्टल आणि बॅप्टिस्ट मंडळ्या उलट क्रम धरतात. आधी पश्चात्ताप आणि विश्वासाची कबुली, मग पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. त्यांचीही भीती खरी आहे, विधी झाला की माणूस निवांत होतो.

उलट्या क्रमाचे ठळक उदाहरण मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या, पण सोवळे आणि वेगळे पाणी घेऊनच. मग एकदा त्या विचार करत बसल्या की जाती देवाने केल्या की माणसाने. माणसाने केल्या असे ठरताच त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. पाणी कपाळी लागण्याआधीच माणूस बदलू लागला होता.

रमाबाईंच्या बाबतीत बदल दिसायला केडगावला जावे लागते. पुणे–दौंड लोहमार्गावरचे हे गाव आपल्याच जिल्ह्यात आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-स्त्रिया त्यांनी आणल्या, त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभारले. पुढे तिथेच कृपा सदन उभे राहिले, तेही समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी. फुलहममध्ये जे पाहून त्या हलल्या होत्या, ते आता त्यांच्या अंगणात होते. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचे कामही तिथेच चालले, आणि मुक्तीतल्या स्त्रियांनीच ते छापले. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली, तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लाटेच्या आधी कित्येक वर्षे दळण, शेती, आजारपण यांतून ही माणसे रोज जात होती, हे मात्र वाचताना सुटू नये.

म्हणून कोरडेपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी बाप्तिस्मा पुन्हा घ्यायला सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा आणि चौथा अध्याय सलग वाचायला सांगते. तिसऱ्यात रात्री गुपचूप आलेला विद्वान निकदेम, चौथ्यात भर दुपारी एकटी आलेली शोमरोनी बाई. रमाबाईंचे आयुष्य या दोन अध्यायांच्या मध्ये मावते.

पुढच्या आठवड्यात : टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात उभारलेला ‘देवाचा दरबार’, जिथे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकाच बैठकीत जागा होती.