विंच, सुवाह्य
झाड ठराविक दिशेस पाडण्यासाठी व ओंडके ओढण्यासाठी जंगलात उचलून नेता येणारे दोरयंत्र. हाततरफेचे यंत्र मंद. पण पाडकामात ताण सावकाश वाढवून टिकविण्यास तेच सोईचे. लांबून ओंडके आणण्यास पेट्रोल एंजिनाचे विंच बरे. दोर गुंडाळून घेणाऱ्या पिंपावर थर चढतात तशी ओढ घटते. कॅप्स्टन प्रकारात दोराचे काही वेढेच घर्षणाने पकड धरतात, त्यामुळे ओढ सारखी राहते. भारावर कप्पी लावून दोराचे टोक आधारास बांधल्यास ओढ सुमारे दुप्पट व वेग निम्मा होतो. दोर उलट वळविणाऱ्या कप्पीच्या आधारझाडावर मात्र दोरातील ताणाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. म्हणून एंजिनाच्या शक्तीआधी आधार, कप्पी व दोर यांची क्षमता पाहावी लागते. नायलॉनचा दोर फार ताणला जातो व तुटल्यास जोराने उलटतो. त्याऐवजी पॉलिएस्टरचा वापरतात.